मोगरी-सावळीचा पंचनामा

आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणारी मी. माझ्या खालोखाल मोगरी, आमची मोठी म्हैस. पहाटे पाचला तिचं रेकणं सुरू झालं की शेजारच्या शकुनबाईच्या मोबाइलचा अलार्म वाया जायचा. मोगरीनंतर बाबांचा नंबर, तोही ते गोठ्यात असले तरच. धाकट्या सावळीच्या पाठीवरून हात फिरवत ते तिला दिवसभराचं सगळं सांगायचे. डेअरीत आज फॅट किती लागलं, वरठीच्या रस्त्यावर कोणाची मोटरसायकल घसरली, असं सगळं. मी दाराआडून ऐकायचे, कारण यातलं काहीच ते मला सांगत नसत. आणि आई? आईला दिवसाला वीस शब्द पुरतात.

यंदा वैनगंगेचं पाणी गावात शिरलं आणि दोन्ही म्हशी गेल्या. त्यांच्यासोबत बाबांचं बोलणंही गेलं. उरले मी.

पाणी नदीकडून येईल म्हणून सगळं गाव नदीकडे पाहत उभं होतं. ते आलं मागच्या नाल्यातून. दिवस नुकता उगवला होता. बाबांनी आधी आईला आणि मला उंचावरच्या शाळेत नेऊन सोडलं, मग ते म्हशींसाठी परत फिरले. तेवढ्या अर्ध्या तासात गोठ्यात छातीभर पाणी. मोगरी दावं तोडून शकुनबाईच्या धानात शिरायची, त्यावरून रोज भांडण व्हायचं, म्हणून महिनाभरापूर्वीच बाबांनी दोघींसाठी लोखंडी साखळ्या आणल्या होत्या. साखळीची कडी पाण्याखाली गेलेली. बाबांनी किती बुड्या मारल्या कोणास ठाऊक. शेवटी गावातल्या दोघांनी त्यांनाच ओढून बाहेर काढलं.

पाणी उतरल्यावर ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून पुकारा झाला, मेलेली जनावरं लगेच पुरा, रोगराई पसरेल. बाबांनी बांधाजवळ मोठा खड्डा खणला. आमच्याकडे मेलेल्या जनावराला बांधलेलं पाठवत नाहीत. गळ्यातली साखळी काढायची, घंटी काढायची, शिंगाला दोरा असेल तर तोही सोडायचा, हळद-कुंकू लावायचं आणि मग माती द्यायची. माणसानं अंगावर चढवलेलं सगळं उतरवून ती मोकळी जायला पाहिजे.

आता प्रश्न कानातल्या बिल्ल्याचा. तो पिवळा, प्लास्टिकचा, बारा आकडी नंबरवाला बिल्ला सरकारी दवाखान्यानं दोन वर्षांपूर्वी टोचला होता. तो या रिवाजात बसतो की नाही, हे गावात कोणी कधी ठरवलेलं नव्हतं. बाकीच्यांनी तो तसाच राहू दिला. बाबांनी आईकडे कात्री मागितली.

"अवं, तो राहू द्या ना," आई म्हणाली. "सरकारी हाये."

"बांधून मारलं मीनं त्याइले," बाबा म्हणाले. "आता आंगावर काईच नोको."

त्यांनी दोघींचा एकेक कान हातात घेऊन दोन्ही बिल्ले कापले, आणि साखळ्या, घंट्या, बिल्ले सगळं नदीच्या धारेत सोडून दिलं. त्यानंतर त्यांनी ‘हाव’ किंवा ‘नाई’ याच्यापुढे शब्द काढलेला मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी भोंग्यातून नवा पुकारा झाला. जनावरं पुरू नका, पंचनामा व्हायचा आहे.

तिसऱ्या दिवशी तलाठी मॅडम आल्या, त्यांच्यासोबत जनावरांचे डॉक्टर आले. डॉक्टर तरुण होते, सगळे त्यांना अमर सर म्हणत. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. शकुनबाई सगळ्यांत पुढे. तिची शेळी बुडाली होती आणि ती दोन दिवस नाकाला पदर लावून शेळीजवळ बसून होती. तिचं काम पाच मिनिटांत झालं.

आमचा नंबर आल्यावर मॅडमनी मोबाइलमधून मान वर केली.

"श्यामराव, दोन दुधाळ म्हशी. एका म्हशीमागे साडेसदतीस हजार. जनावरं कुठं आहेत?"

मी म्हणाले, "पुरली मॅडम."

"फोटो?"

"नाही काढला."

"बिल्ले?"

मी बाबांकडे पाहिलं. ते टेबलाच्या पायाकडे पाहत होते.

"बिल्ले कापून नदीत सोडले," मी सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काहून?" इतका वेळ त्या पुस्तकातलं बोलत होत्या, तो शब्द मात्र त्यांच्या तोंडून गावचाच आला.

मी कारण सांगायला लागले तर मागून शकुनबाई बोलली, "म्हसीले मोकळं केलं त्यानं मॅडम. आता सरकारनंही त्याले मोकळं केलं!" लोक हसले. मला तिचा असा राग आला की विचारू नका. पण बाबाच हसण्यासारखं तोंड करून बाजूला झाले, मग मी काय बोलणार?

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मला समजावून सांगितलं. बिल्ला नसेल तर जनावर कागदावर नाही, आणि जनावर कागदावर नाही तर मदत नाही. त्यांनी आमच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्याच संध्याकाळी मुकादम घरी आला. आमच्याकडची पुष्कळ माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, त्यांच्या जोड्या हा जमवतो. "जोडीनं चला," तो आईला म्हणाला. "दिवाळी झाली का जीप निघते. राहाची सोय हाये, उचल देतो."

"पोरीचं धाव्वीचं वरीस हाये," आई म्हणाली.

"मंग ठेवा तिले कोनाकडं."

कोणाकडे म्हणजे साकोलीला, मावशीकडे. मला ऐकताक्षणी कळलं. मावशीचं घर हायवेला लागून, पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तिच्या तीन मुली आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. मी काही सांगायला लागले की त्या टीव्हीचा आवाज वाढवतात. मी सुट्टीत चार दिवस राहून पाहिलंय. चौथ्या दिवशी मी आरशाशी बोलत होते.

आई मुकादमाला म्हणाली, "महिनाभरात सांगतो." म्हणजे म्हैस आली तर राहायचं, नाही आली तर जायचं. दोन म्हशींच्या मदतीत एक चांगली म्हैस येते. एक म्हैस असली की डेअरीचा दर हप्त्याचा पैसा सुरू राहतो आणि माणसं घरी राहतात. एवढं साधं गणित.

त्या दिवसांत गावही चमत्कारिक झालं होतं. शाळेत घर पडलेली कुटुंबं राहत होती, म्हणून शाळा बंद. माझी मैत्रीण रुपा तिच्या काकांच्या क्वार्टरवर जवाहरनगरला गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता. मी पाच वाजता उठायचे, सवयीनं. आवाज कुठलाच नाही. गोठ्यात जायचे तर गव्हाणीत चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. बाबा गोठ्याच्या उंबरठ्यावर पाठ करून बसलेले. मी म्हणायचे, "बाबा, चहा." ते कप घ्यायचे. मी तिथेच उभी राहून बोलायचे, शाळेचं, पुराचं, कोणाच्या घरात साप निघाला त्याचं. ते ऐकत होते की नाही, देव जाणे. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं वाटायचं.

आता माझ्याबद्दल एक सांगायला पाहिजे. घरात मी कितीही बोलत असले तरी बाहेर माझं तोंड शिवलेलं असायचं. पण पुराच्या महिनाभर आधी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. माइकसमोर उभं राहून मी सात मिनिटं बोलले आणि समोरचे दोनशे लोक गप्प बसून ऐकत होते! तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की नीट बोललं तर माणसं ऐकतातच. तहसीलमधली माणसं तरी आणखी कशाची बनलेली असणार?

पाचव्या दिवशी मी आईला सांगून एकटीच एसटीनं तालुक्याला गेले. तहसीलमधल्या बाबूनं यादीत आमचं नाव पाहून जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. दवाखान्यात अमर सर डबा खात होते. मी उभ्या उभ्याच सुरू झाले.

"सर, बिल्ले नाहीत, पण बिल्ल्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. तुमच्या दवाखान्यानंच टोचले. मोगरीला दोनदा इंजेक्शन दिलं त्याची नोंद तुमच्याकडे आहे. रोज दोन वेळा दूध डेअरीत जायचं त्याची वही डेअरीत आहे. एवढं सगळं असताना म्हशी नव्हत्याच असं कसं होईल?"

त्यांनी घास गिळला. "बस आधी. कितवीत आहेस?"

"दहावीत. उभीच बरी आहे."

"म्हशी होत्या, मान्य. पण मेल्या हे कोणी पाहिलं? लोक जनावर विकतात आणि मेलं म्हणून सांगतात. तुझे बाबा तसे नाहीत हे मला माहीत आहे. पण कागदाला माहीत नाही."

"मग कागदाला कसं कळेल?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "खड्डा उघडावा लागेल. नोंदीत शिंगांचं वर्णन आहे, मोगरीच्या कपाळावर चांदणी आहे. कानाला टोचल्याचं छिद्र असेल किंवा कापल्याची खूण असेल. तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मालकासोबत फोटो काढला, तर मी लिहून देतो. पण उद्याच. त्यानंतर ओळखण्यासारखं काही राहणार नाही."

"उद्या या तुम्ही," मी म्हणाले. "मी बाबांना सांगते."

"घरी विचार आधी, पोरी."

"विचारते की!"

एसटीत मला खिडकी मिळाली. मी जिंकले होते! हे कोणाला तरी सांगायचंच होतं. रुपाला तीनदा फोन लावला, लागला नाही. शेजारी एक म्हातारा झोपलेला होता. मग मी खिडकीतल्या माझ्या चेहऱ्यालाच सगळं पहिल्यापासून सांगितलं, अमर सरांच्या आवाजासकट.

घरी बाबा त्याच उंबरठ्यावर होते. मी सांगून टाकलं. आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला.

"नोको व रेणू," ती म्हणाली. "एकदा मातीत देल्लं ना. पुन्हा काहून काढतो आपन?"

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. नुसते कान पाहायचे."

"तुले नाई समजत."

"मग तुम्हाला काय समजतं? मिरची तोडायला जायचं, एवढंच?"

आई परत भांडी घासायला लागली. बाबांनी मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. स्पर्धेतलं एकही वाक्य कामाला आलं नाही, घरचंच तोंडात आलं.

"मले साकोलीले नाई जायचं बाबा. तुमी दोघं गेल्यावर मी कोनासंग बोलू? अख्ख्या साकोलीत मायं ऐकनारं कोनी नाई. म्हशी तं गेल्या. त्याइले आता काय समजते? मी जित्ती हावो ना!"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून आत गेले. थोड्या वेळानं बाहेर खण् असा आवाज झाला. बाबा फावडं दगडावर घासत होते.

सकाळी आठला डॉक्टर आणि मॅडम आले. मॅडम बांधावर उभ्या राहिल्या, ओढणी नाकावर. दोन माणसं मदतीला आली होती, त्यांना बाबांनी हातानंच मागे सारलं. एकटे खणत राहिले. ओली माती, वरचा थर निघायलाच तासभर लागला. शकुनबाई आली, खड्ड्यात डोकावली आणि या वेळी काहीही न बोलता परत गेली.

वासाबद्दल लिहीत नाही.

"रेणू, नंबर वाच," अमर सर म्हणाले. त्यांनी माझ्या हातात नोंदीची झेरॉक्स दिली. मी मोगरीचे बारा आकडे वाचले. माझा आवाज स्पष्ट आला, माइकवर यायचा तसा. मला वाटत होतं तो फुटावा, पण फुटला नाही.

"कपाळावर चांदणी, बरोबर. शिंग डावं आत वळलेलं, बरोबर. आता कान. काका, जरा कान वर धरता? उजवा."

बाबा खाली बसले. बोटांनी माती बाजूला केली आणि मोगरीचा कान धरला. तिला गोचीड लागला की असेच धरायचे, दोन बोटांत, वरच्या कडेला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं. "कापल्याची खूण आहे. दुसरी घ्या."

सावळीचा कान नीट धरवत नव्हता. बाबांनी तो तळहातावर घेतला.

"आता फोटो," मॅडम बांधावरून म्हणाल्या. "मालक फोटोत पाहिजे. चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर अ‍ॅप घेत नाही. श्यामराव, इकडे बघा."

बाबांनी पाहिलं नाही.

"काका, वर बघा. एकच मिनिट."

"बाबा," मी म्हणाले, "वर बघा ना."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मोबाइलकडे नाही, माझ्याकडे. मी मॅडमच्या शेजारीच उभी होते म्हणून फोटो चालून गेला.

माती त्यांनीच परत ओढली. घरी येऊन बोरिंगवर आंघोळीला बसले ते उठेचनात. आई बादल्या भरून देत राहिली. शेवटी तिनं बोरिंगचा दांडा सोडून दिला आणि त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

बाविसाव्या दिवशी बाबांच्या मोबाइलवर मेसेज आला, पंच्याहत्तर हजार जमा. मी तो मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला. आईनं देवाजवळ दिवा लावला. गावभर बातमी झाली. शकुनबाई भाजीची पानं घेऊन आली आणि म्हणाली, "काव वकिलीनबाई! माया शेळीचे अजून नाई आले, अन् तुये गड्ड्यातून निघाले?" मी हसले. पुराच्या आधी हसायचे तसं हसले, मुद्दाम.

म्हैस आणायला बाबा बाजारात आले नाहीत. गावात कोणालाही म्हैस घ्यायची असली की आधी श्यामरावला न्यायचे. दात, कास, चाल, सगळं ते पाहून सांगायचे. आता घरची म्हैस घ्यायची होती तर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मामाला घेऊन आई आणि मीच गेलो. काळीभोर, दुसऱ्या वेताची म्हैस मिळाली. टेम्पोतून उतरताना तिनं अंगण पाहिलं, घर पाहिलं आणि एक लांब हुंकार दिला. मला वाटलं बाबा आता तरी बाहेर येतील.

दिवाळी झाली. मुकादमाची जीप चौकात उभी राहिली, गावातली नऊ जोडपी भांडीकुंडी घेऊन चढली. मी रस्त्यावर उभी राहून सगळ्यांना हात केला. माझे आईबाबा त्यात नव्हते. मावशीला आईनं फोन करून सांगितलं की रेणू येत नाही. शाळा सुरू झाली होती, रुपाही परत आली होती. जे जे मी मागितलं होतं ते सगळं झालं होतं, आणि रोज घरी आल्यावर मी दप्तर टाकून अंगणात उभी राहायचे, काय राहिलं ते आठवत असल्यासारखी.

नवी म्हैस दूध देईना. आई बसली की ती मागचं अंग फिरवायची, बादलीला लाथ मारायची. पान्हा सोडेना. पहिले चार दिवस वाटलं, नवं घर आहे. मग मामा येऊन बसला, त्यालाही तेच. डेअरीत आम्ही कसंबसं लिटर-दीड लिटर घालत होतो. आई रोज संध्याकाळी बादली रिकामी करून गोठ्यातून बाहेर यायची आणि बाबांकडे पाहायचीसुद्धा नाही. मी मात्र पाहायचे. सांगायचेही. "बाबा, एकदा येऊन पाहा ना. तुम्ही नुसते उभे राहिलात तरी ती ऐकेल." ते खाटेच्या सुतळीत बोट घालून बसायचे.

एका संध्याकाळी मी काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं संपलं होतं. मी आईच्या मागे कंदील धरून गोठ्यात उभी राहिले, कारण लाइट गेली होती. आई बसली. म्हैस फिरली. बादली कलंडली. आई तशीच बसून राहिली, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून.

दारात सावली पडली. बाबा उंबरठ्याच्या बाहेरच थांबले होते. बराच वेळ त्यांनी म्हशीचे पाय पाहिले.

"त्या बाजूनं नाई," ते म्हणाले. आवाज घोगरा, वापरात नसलेला. "इकडून बस. तिले इकडची सवय हाये."

आई उठली, म्हशीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसली. म्हैस हलली नाही. पहिली धार बादलीच्या तळाला लागली तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते! मी आनंदानं ओरडणार होते, वळले, आणि दारात कोणी नव्हतं.

साडेतीन लिटर दूध निघालं. मी कॅन घेऊन डेअरीत गेले. सेक्रेटरींनी काटा पाहिला आणि म्हणाले, "अरे वा! श्यामराव बसला वाटते आज?" मी म्हणाले, "हाव." खोटंच बोलले.

परत येताना लाइट आली. खाट रिकामी होती. मी गोठ्याच्या मागच्या दारापर्यंत गेले. दारावरच्या दिव्याच्या उजेडात तिथून बांध दिसतो. बाबा खड्ड्यावरच्या मातीवर बसले होते. तिथे आता बारीक गवत उगवलं होतं, आणि ते गवताकडे पाहून काहीतरी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. किती लिटर निघालं ते सांगत असतील, किंवा आणखी काही.

मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेलं असतं. अंतर फार नव्हतं. मी कॅन खाली ठेवला आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिले, त्यांचं होईपर्यंत.